आप्पानं रेवणप्पाची जाहिरात केली ती गोष्ट

जत्रेच्या दिवशी सकाळी आप्पा ऑटोत पुढं बसले, हातात माईक, टपावर भोंगा. मला म्हनले, "सिंधे, तू मागं बस आन पाम्प्लेट वाट. लातूरची पाव्हनी आलीय म्हनल्यावर चार मानसं जास्त येतील."

मी म्हनलं, "मला बघाया कोन येतंय आप्पा? दोन लेकराची माय मी."

"तेबी सांगतो भोंग्यावर. खरंच हाय की."

असे होते माझे वडील. अर्जुनराव. मुखेडपासून जवळच आमचं गाव. आप्पा कुस्त्याच्या फडात माईकवर बोलायचे. कंधारकडं, भोकरकडं, जिथं जत्रा तिथं आप्पा. सोता कधी कुस्ती खेळले न्हाईत. माय म्हनायची, "ह्यांचा सगळा जोर गळ्यात हाय."

आता बारक्या गावच्या फडाला मोठा पैलवान कामून येईल? मंग पोस्टरवर लिहायचं काय? तर ज्याचा मोठ्या मैदानाशी काईतरी संबंध आला असा गडी शोधायचा. दुसरे माईकवाले धडधडीत खोटं ठोकून देतेत. आप्पा म्हनायचे, खोटं बोलायचं न्हाई, जे खरं हाय त्यालाच फेटा बांधायचा. एक गडी पुन्याच्या तालमीत नुसती थंडाई घोटायला होता. आप्पा त्याला म्हनले, "ज्याच्या हातची थंडाई पिऊन केसरी तयार झाले तो हा गडी!" दुसऱ्या एकाला तालमीत केसरीनं कानाखाली दिली होती. तर आप्पा, "साक्षात केसरीचा हात ह्याच्या अंगावर पडलाय!" लोकं टाळ्या वाजवायचे आन तो गडी बी मंग चेव येऊन खेळायचा.

यंदा पन पंचाईत झाली. जत्रा कमिटीचे धोंडप्पाकाका आधीच बोलून गेले, "अर्जुनराव, गेल्या साली फडात कुत्रं न्हवतं. यंदाबी तसंच झालं तर पुढच्या साली कुस्त्या बंद. ऑर्केस्ट्रा आनू. पोरायला तेच पायजे." आप्पाला जेवन गोड लागंना. आज्याच्या आधीपासूनचा फड आमचा.

मंग एक दिवस घरात आले ते ओरडतच, "अगं सिंधूची माय, सोनं गावलं!" सोनं म्हंजे रेवणप्पा. देगलूरकडचा पैलवान, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. आता केस पिकलेत. उमेदीत महाराष्ट्र केसरीच्या मैदानात उतरला आन पयल्याच कुस्तीत पडला. पन ज्याच्याकडून पडला तोच त्या साली केसरी झाला.

फ्लेक्स केला. वर रेवणप्पाचा फोटो, नाव, त्याखाली मोठ्या अक्षरात 'महाराष्ट्र केसरी', आन तळाला 'स्पर्धेत उतरलेले'. धोंडप्पाकाकानं तो स्टँडवर बांधला, भज्याच्या गाड्याच्या मागं. गाडेवाल्यानं ताडपत्री ताणली आन तळाची ओळ झाकून गेली. कोनाच्या ध्यानातच आलं न्हाई.

जत्रेच्या दुपारी फड असा भरला की लिंबाच्या झाडावर मानसं. आप्पा खुश. तेवढ्यात कंधारचा एक म्हातारा इचारतो, "अर्जुनराव, स्टँडवर भज्याच्या गाड्यामागं नुसतं 'महाराष्ट्र केसरी' वाचलं, हे कोन्या सालचे केसरी हो?"

आप्पाचं तोंडच उतरलं. धोंडप्पाकाका कानात म्हनले, "गप बसा. फड भरलाय. शेवटची जोड झाली की जातेत घरी. आता खरं बोललात तर लोकं उठतेत, आन पुढच्या साली ऑर्केस्ट्रा."

आप्पा रेवणप्पाकडं गेले. तो अंगाला माती लावून राहिला होता. ऐकलं आन म्हनला, "सांगून टाका अन्ना. खोटं नाव घेऊन मी मातीत उतरत न्हाई."

आप्पानं हलगी थांबवली. "मंडळी, आमचं पोस्टर भज्याच्या गाड्यानं झाकलं. रेवणप्पा केसरी न्हाई. केसरीकडून पडलेला हाय!"

मागून एकजन ओरडला, "मंग आमी पडलेल्याला बघाया आलो का?"

आप्पा म्हनले, "पाव्हनं, तुमी आजवर कोनाकडून पडलात?"

"बायकोकडून!"

सगळा फड हसला. आप्पा म्हनले, "बगा. केसरीकडून पडायचं तर तिथवर जावं लागतंय. आपुन घरच्या घरीच पडतो!"

एक मानूस उठला न्हाई. रेवणप्पा भोकरच्या तरन्या गड्याशी लई येळ झुंजला. शेवटी पडला, पन लोकांनी दोघालाबी खांद्यावर घेतलं. आप्पा माईकवर ओरडले, "आता भोकरच्या गड्याचं पोस्टर तयार झालं! केसरीकडून पडलेल्याला पाडनारा!"

मंग खाली बसले. "सिंधे, घशाला कोरड पडली, पानी आन."

मी तांब्या घेऊन आले तर डोकं स्पीकरच्या खोक्याला टेकलेलं. लोकायला वाटलं दमून डोळा लागला. हलगीवाला हळू वाजवायला लागला, म्हने आप्पाची झोपमोड नको. मी हात लावला तवा कळलं. डॉक्टर म्हनले हार्ट.

आता हे टाईप करून राहिले तर अक्षरं दिसंनात, चुकलं तर समजून घ्या.

तेरावं झाल्यावर धोंडप्पाकाका घरी आले. म्हनले, "वैनी, ऑर्केस्ट्रावाल्याशी आधी बोलून ठिवलं होतं, त्याला सांगून आलो. नको म्हनलं. पुढच्या सालीबी कुस्त्याच."

मायनं इचारलं, "रागावला असंल तो?"

"न्हाई ओ. म्हनला, मीबी येतो, मला सगळ्यात पुढची जागा धरून ठेवा."

आप्पा गेल्यापासून माय पयल्यांदा हसली. म्हनली, "पुढं बसवू नका त्याला. तोंडात माती जाती."