बेल्लमपल्लीचं चिनी औषध

गुडीहत्नूरहून निघाले तेव्हा सामान एवढंच: एक पिशवी आणि आठ दिवसांचा खोकला. बेल्लमपल्लीला भाची सुजाताचं लग्न. मंडपात त्रिशरण-पंचशील मी म्हणणार, हे कधीचं ठरलेलं. मध्येच खोकला आला तर सगळ्या वऱ्हाडापुढे फजिती!

निर्मलला गाडी बदलली. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, दग्गु?" (दग्गु म्हणजे खोकला.) आणि मला पार मागच्या सीटवर धाडलं.

माझा भाऊ नामदेव कोळसा खाणीत आहे. त्याच्या क्वार्टरच्या दारात पोचले, तर आतूनही तोच सूर.

"ये बाई. तुले बी?"

"हाव, मले बी." आम्ही हसलो, म्हणजे खोकलोच.

वहिनीनं फळीवरून बाटली काढली. शेजारच्या मुलानं सिंगापूरहून आणलेलं चिनी झाडपाल्याचं औषध. काळं, काकवीसारखं घट्ट, पुदिन्याच्या वासाचं. "यानं हमखास जाते."

"पुरावा काय?" सुजाता शाळेत विज्ञान शिकवते. "सर्दीचा खोकला तसाबी जातेच, आत्या."

मग तिनं दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत चिनी औषध, दुसरीत गूळ-आल्याचा पाक, वर पुदिना. कशात काय, ते तिलाच ठाऊक. लाल दोऱ्याची माझी, हिरव्या दोऱ्याची नामदेवची. खोकला आला की भिंतीवर खडूची रेघ.

तीन दिवस आम्ही एकमेकांवर पाळत ठेवली. "बाई, खोकलीस!" "घसा साफ केला रे!" सकिनालु (तांदळाच्या पिठाची कुरकुरीत कडी) खाताना मला ठसका लागला, त्याच्या नामदेवनं पाच रेघा ओढल्या!

लग्नाच्या सकाळी दोघांच्याही रेघा थांबल्या. "पाह्य, माहं चिनी होतं," मी म्हटलं. "नाही, माहं!"

सुजाता नवरीच्या पांढऱ्या साडीत रेघा मोजायला लागली. "दोघाईचा सारखाच उतरला. असं कसं?"

तेव्हा वहिनी बोलली, "मी त पहिल्याच दिवशी दोनी बाटल्या पातेल्यात ओतल्या, आन अर्ध्या अर्ध्या भरल्या."

"काऊन वं आई?"

"नणंदबाई पाहुण्या, त्याईले गुळाचं पाणी पाजू? का तुह्या बापाले? कोणाच्या तोंडाले पानं पुसू मी?"

सुजातानं कपाळाला हात लावला.

मंडपात त्रिशरण सुरू केलं. पहिल्यांदा आवाज खणखणीत. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा घशात गुदगुली झाली, डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे पाहून वहिनी एकदम असं काही खोकली की सगळा मंडप तिच्याकडे वळला. त्या गोंधळात मी घसा मोकळा केला आणि पंचशील शेवटपर्यंत म्हटलं.

परतीच्या बसमध्ये विचार करत होते. लोक विचारतील, चिनी औषध कसं? काय सांगू? गोड आहे, वास छान. गुण त्याचा, गुळाचा की सरलेल्या दिवसांचा, 'देव जाणे' असं म्हणणारी मी नव्हे. पण वहिनीनं दोन्ही मिसळून ते कोणाला कळूच दिलं नाही, हे खरं. भिंतभर खोकल्यांत माझ्या कामाला आला तो तिचा एकच, आणि तोही खोटा.