बाराव्या चालीच्या आतली चढाई

पब्लिशरचा, म्हणजे आमचा गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचा, मेल आला तेव्हा मी डबा उघडला होता. ज्यांना गेम खेळून बघायला दिला, त्यातल्या बहुतेकांची राजधानी बाराव्या चालीच्या आत शेजारच्या राजाने घेतली आणि त्यांनी गेम परत उघडलाच नाही. सोमवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर करार रद्द. मी डबा तसाच झाकून ठेवला.

तो शेजारचा राजा माझा. पनवेलच्या सहा जणांच्या ऑफिसात मी AI प्रोग्रॅमर. आमचा गेम टर्न-बेस्ड, बुद्धिबळासारखा: एक चाल तुमची, एक कॉम्प्युटरची. सुरुवातीला राजधानी म्हणून एक गाव आणि एक सैनिक मिळतो, पुढे राज्य वाढवायचं. शेजारच्या राजाने मैत्री कधी करायची आणि चढाई कधी, हे माझा कोड ठरवतो. हैदराबादची चांगली नोकरी सोडून मी याच कामासाठी पनवेलजवळ करंजाड्याला, घरी परत आले होते. करार गेला असता तर ऑफिस बंद, आणि आईचं ‘मी सांगत होते ना’ जन्मभर.

आमचे बॉस निलेश सर म्हणाले, सोपं आहे, राजाला जरा मवाळ कर. मी ॲग्रेशनचा, म्हणजे राजाच्या आक्रमकपणाचा आकडा निम्म्यावर आणला. राजा इतका मवाळ झाला की शंभर चाली शेतीच करत बसला. आकडा वाढवला की पुन्हा पहिल्यासारखा, म्हणजे तक्रार कायम. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गंमत म्हणजे आमच्यापैकी कुणीच इतक्या लवकर हरत नव्हतं. आमची टेस्टर गौरी शनिवारी सकाळभर खेळली आणि म्हणाली, राजा अगदी शहाण्यासारखा वागतोय.

तेवढ्यात बिल्डिंगचे मालक भोईरकाका पाण्याच्या टाकीचं काहीतरी सांगायला वर आले. काका मूळचे जवळच्याच ओवे गावचे. गौरीने नवा डाव उघडून त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. काकांनी पहिल्याच चालीत तो एकुलता एक सैनिक गावाबाहेर पिटाळला. का, असं विचारलं तर म्हणाले, आपली हद्द कुठवर ते आधी बघायला नको? अकराव्या चालीत गाव गेलं.

काका रागावले नाहीत, पण त्यांना पटलंही नाही.

“पोरी, माझा मानूस बाहेर गेलाय, मेला नाय,” ते मला म्हणाले. “तुमच्या राजानं त्याला मोजला कसा नाय?”

मी कोड उघडला. चढाईआधी राजा शेजाऱ्याचं बळ मोजतो. पण मोजत होता फक्त गावात बसलेले सैनिक. बाहेर गेलेला त्याच्या लेखी नव्हताच. गाव रिकामं, म्हणजे शेजारी दुबळा, चला. ही ओळ मीच दीड वर्षापूर्वी घाईत लिहिली होती, नंतर नीट करू म्हणून.

मग ही चूक गौरीला का दिसली नाही? कारण वेळ वाचवायला आम्ही सगळे एकाच सेव्ह फाइलवरून, म्हणजे आधीच जपून ठेवलेल्या डावावरून खेळायचो. तो डाव विसाव्या चालीला सुरू व्हायचा. तटबंदी उभी, आत चार सैनिक तयार. ही युक्तीही माझीच, आणि मला तिचं फार कौतुक होतं.

ओळ दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. रविवारी आम्ही सहाही जण पहिल्या चालीपासून खेळलो. राजा आला, पण तिसाव्या चालीनंतर, आधी निरोप धाडून. काकांना पुन्हा बसवलं. ते हरले आणि म्हणाले, “आता हरलो ते बरोबर हरलो.” सोमवारी सकाळी नवा गेम पाठवून दिला.

गुरुवारी उत्तर आलं. करार कायम. खाली एक प्रश्न होता: एवढी मोठी चूक तुमच्या टेस्टिंगमध्ये सापडली कशी नाही? सर म्हणाले, याचं उत्तर तू लिही. मी लिहिलं, गेली दीड वर्षं आमच्या ऑफिसात हा गेम कुणी सुरुवातीपासून खेळलंच नव्हतं. वाक्य जरा बरं दिसावं म्हणून मी बराच वेळ शब्द शोधले. सापडले नाहीत. तसंच पाठवलं.