इंजिनाला लावलेलं कुंकू

भाव करताना समोरच्याला बोलू द्यायचं नाही, हा माझा नियम. माझी पहिली जीप मी पांढऱ्या कपड्यातल्या एका सभ्य माणसाकडून घेतली होती. तासभर तो गोड बोलला आणि मी ऐकत बसलो. दोन महिन्यांनी कळलं, चेसिस तुटलेली होती आणि वेल्डिंग करून वर रंग मारला होता. त्याच जीपमध्ये सवाऱ्या भरून मी कुरखेडा-वडसा रस्त्यावर उभा राहिलो, पण त्या माणसावरचा राग काही गेला नाही. तेव्हापासून विकणारा तोंड उघडू लागला की मी त्याला थांबवतो.

पेट्रोलची कार घेतली तेव्हाही तेच केलं. विकणारा चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला. दिवाळीनंतर क्वार्टर सोडून तो बायकोसह गावी राहायला जाणार होता. गाडी त्याने फार जपलेली होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. बोलता बोलता तो म्हणाला, "भाऊ, एक सांगून ठेवतो, या इंजिनाले..."

"इंजिनाची तारीफ राहू द्या काकाजी, भावाचं बोला," मी म्हटलं.

तो हसला आणि भावावर आला. मला वाटलं, आपण जिंकलो.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुतात ती नुसती वरून नाही. जीप मी दरवर्षी धानाच्या बांधीजवळच्या पंपावर न्यायचो, बॉनेट उघडायचो आणि पाइपाची धार सरळ इंजिनावर सोडायचो. वर्षभर राबतं कोण, तर इंजिन. मग आंघोळ आधी त्याची. नंतर कुंकू, अक्षता, नारळ, आणि नारळातलं घोटभर पाणी इंजिनालाही. डिझेलची जीप अशा आंघोळीनं कधी शिंकलीसुद्धा नाही. नव्या कारचीही तशीच साग्रसंगीत पूजा झाली.

दिवाळी उलटली आणि एका सकाळी चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं छोटं चित्र होतं त्यावर. दिवा विझेना. गाडी पेट्रोल ढोसायला लागली आणि मागून काळा धूर सोडू लागली. माझ्या डोक्यात पांढरे कपडे आले.

ऊर्जानगरला फोन केला तर काकाजी म्हणाला, उद्या दुपारच्या गाडीनं निघतो आहोत. पळून चालला, असं मी घरच्यांना सांगितलं आणि पहाटेच निघालो. रस्त्यात नागभीड गेलं, मूल गाव गेलं, दिवा समोर जळतच होता आणि मी भांडणाची वाक्यं जुळवत होतो.

क्वार्टरसमोर सामानाचा ट्रक भरत होता. शेजारीपाजारी निरोपाला जमले होते. त्या सगळ्यांसमोर मी त्याला चोर म्हटलं.

"चोर काऊन म्हणता भाऊ? लाइट कवा लागला?"

"लाइट आदीपासूनच असन. विकताना तुमी काहीतरी करून विझवला असन."

"विझवला नाई भाऊ. मी तवाच सांगत होतो, इंजिनावर..."

"आता नका सांगू. मिस्त्रीकडून लिहून आणतो, मग बोलू."

त्याची बायको आतून पाण्याचा गिलास घेऊन आली. भांडी ट्रकात गेली होती, तो एकच गिलास उरला असावा. मी पाणी घेतलं नाही. काकाजीनं शेजाऱ्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ज्या कॉलनीत सारी नोकरी काढली, तिथून जायच्या दिवशी त्याच्या नावाला हा शब्द चिकटला होता.

चंद्रपुरात एका जुन्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. सगळे त्याला चाचा म्हणत. मी म्हटलं, "चाचा, बिगाड जुना आहे, एवढं लिहून द्या."

"पयले गाडीले विचारू," तो म्हणाला.

त्यानं एका सॉकेटात तारेचा तुकडा अडकवला आणि चावी फिरवली. पिवळा दिवा एकदा लुकलुकला, थोडा थांबला, मग चारदा लुकलुकला. पुन्हा एक, पुन्हा चार. चाचानं तेलकट वही काढून बोटानं ओळ शोधली. "इंजिन किती तापलं ते सांगणारा सेन्सर आहे. तो बोलूनच नाई राह्यला. म्हणून गाडीले वाटते इंजिन थंडं आहे, आन ते पेट्रोल पाजून राह्यली."

बॉनेट उघडून त्यानं एक छोटा प्लग ओढून काढला आणि माझ्यापुढे धरला. आत तांब्यावर हिरवा गंज चढला होता. गंजावर लाल चिखल, आणि चिखलात तांदळाचा एक दाणा.

"हे काय, भाऊ?"

मी तो दाणा नखानं टिपला.

"दसऱ्याले पाणी मारलं ना?" चाचा हसायला लागला. "सेन्सरले कुंकू लावून सवाष्ण केली तुमी. आता ते नवऱ्यासमोर तोंड उघडन का?"

गॅरेजातले सगळे हसले. एरवी मी पाना उचलला असता. चाचानं प्लग घासला, फुंकून वाळवला, परत बसवला आणि बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली. गाडी सुरू केली तर दिवा विझलेला.

"लिहून देऊ का आता?" त्यानं विचारलं.

मी परत ऊर्जानगरकडे गाडी पळवली. ट्रक निघून गेला होता. दोघं क्वार्टरच्या पायरीवर बसून रिक्षाची वाट पाहत होते, तुळशीची कुंडी बाईंच्या मांडीवर. शेजारी अजून तिथंच होते, हे बरं झालं. माफी मागायची मला सवय नाही. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बिगाड माझ्या हातचा होता. मीच पाणी मारलं. काकाजीनं गाडी चोख देल्ली होती." मग बाईंना म्हटलं, "पाणी असन तर द्या." गिलास पिशवीत गेला होता. त्यांनी पिशवी सोडून तो काढला आणि शेजारच्या घरातून भरून आणला.

स्टेशनापर्यंत दोघांना मीच नेलं. काकाजी पुढे बसला होता.

"तरी पाणी मारू नका म्हणून तुमी एक डाव अजून सांगाले पाहिजे होतं," मी म्हटलं. ही तक्रार माझी आजही आहे.

मागून बाई म्हणाल्या, "दोनदा सांगितलं यांनी. मी आत चहा करून राह्यली होती. दोन्ही डाव तुमी 'भावाचं बोला' म्हणाले."

मला एकच वेळ आठवत होती. स्टेशन येईपर्यंत काकाजी डॅशबोर्डवरच्या त्या विझलेल्या दिव्याकडे पाहत होता.