नुसतं नाव

आमचा येस्सर जगात कोणालाही नुसत्या नावाने हाक मारत नसे. सिलिंडर आणणारा माणूस 'सर', मेसमधला वाढपी 'सर' आणि येरवड्याच्या आमच्या दोघांच्या खोलीत बनियनवर दाढी करणारा मी 'नितीन सर'. एवढा मान मला घरातही मिळाला नव्हता. त्याचं खरं नाव मिलिंद. येस्सर हे बारसं आम्ही केलेलं.

तो वर्ध्याकडचा. आयटीत नोकरी शोधायला पुण्यात आलेला. डोक्याने माझ्या दोन पावलं पुढे. मला हिंजवडीत नोकरी लागली ती त्याने महिनाभर माझ्याकडून प्रोग्रॅम घोटून घेतले म्हणून. स्वतःची मात्र प्रत्येक मुलाखत शेवटच्या फेरीत अडायची. वडील निवृत्तीला टेकलेले. त्यांचा फोन आला की एकच प्रश्न असे, "झालं का?"

एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, वाढप्याला कसला सर?"

"माझे बाबा तहसीलात शिपाई जी," तो म्हणाला. "काल लागलेली पोरं त्यांना 'ए शाम्या' म्हणून बोलावतात. मी तेव्हाच ठरवून टाकलं, आपण कोणालाच असं बोलवायचं नाही."



पुढे आमच्याच कंपनीने त्याला बोलावलं. आमच्याकडे डायरेक्टरलाही नावाने हाक मारायची पद्धत. तिलाच कल्चर म्हणत. मी त्याची तयारी करून घ्यायला बसलो.

"म्हण, नितीन."

"नितीन..." घाम पुसून तो हळूच जोडायचा, "सर. नाही जमत जी!" मी खो खो हसायचो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

मुलाखतीत तांत्रिक प्रश्नांसाठी मलाही बसवलं होतं. एकही उत्तर चुकलं नाही. शेवटी मॅनेजर हसून म्हणाला, "कॉल मी समीर. इथे सर कोणी नाही."

"येस सर!"

खोलीत हशा पिकला. तोही हसला. बिचाऱ्याला वाटलं, जमलं.

तो बाहेर गेल्यावर समीर म्हणाला, "हुशार आहे रे, पण आपल्यात मिसळेल का? तुला काय वाटतं?" शिपाई बापाची गोष्ट अगदी ओठांवर आली होती. पण मलाच नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेले. "बघ तू," म्हणून मी मोकळा झालो. कागदावर 'कल्चर फिट'समोर फुली पडली.

खोलीवर आल्यावर मी त्याला फुलीचं आणि समीरने माझं मत विचारल्याचं खरं ते सांगितलं.

"मंग तुम्ही काय म्हणाले, सर?" त्याने विचारलं.

मी बुटाची नाडी सोडत राहिलो. त्याने पुन्हा विचारलं नाही.

महिन्याभराने तो गावी निघाला. ट्रॅव्हल्सच्या गाडीत मी त्याची बॅग चढवली. पायरीवरून त्याने हात पुढे केला.

"येतो, नितीन," तो म्हणाला. अगदी स्वच्छ, कुठेही न अडखळता.