पिन खराब होती

पोस्टमन दारातून परत जातो, डॉक्टर बाहेरच्या खोलीतून. नेटवाला थेट पलंगाखाली शिरतो. राऊटर कुठे कपाटामागे, कुठे तांदळाच्या डब्यावर, म्हणजे घराचा जो कोपरा पाहुण्यांना दाखवत नाहीत तिथेच आमचं काम. मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार!

माझे बरेचसे किस्से दादाचेच आहेत. तो दहावी पास, मी आठवी नापास. पालघर, बोईसर, तारापूर, सगळीकडची घरगुती नेटची कामं आम्ही एका बाईकवर करायचो. तो पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर सामानाची पिशवी. आता पिशवी पुढे टाकीवर असते. दादा श्रावणात गेला.

* * *

पालघरजवळच्या माहीमला एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांची तक्रार अशी, की राऊटर ज्या खोलीत आहे त्या खोलीतसुद्धा नेट येत नाही. आम्ही सगळी खोली पाहिली. राऊटर दिसेना. शेवटी मास्तरांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि लोखंडी कपाट उघडलं. आत साड्यांच्या घडीवर राऊटर! वायर आत यावी म्हणून मागच्या पत्र्याला भोकसुद्धा पाडलेलं.

"इथली खारी हवा लोखंड खाते," मास्तर म्हणाले, "तिथे या डबीचं काय?"

दादाने राऊटरच्या पाठीवर हात ठेवला. त्याची पहिली तपासणी तीच, दिवे वगैरे नंतर. पाठ गरम असेल तर राऊटर चालू आहे, आणि तासभर बंद असेल तर तो थंडगार पडतो. लोक काय वाटेल ते सांगतात, पाठ खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा. मास्तरांचा राऊटर तर तव्यासारखा तापला होता.

"सर, कपाट एक नंबर आहे," दादा म्हणाला. "आतलं काहीच बाहेर जाऊ देत नाही. नेटपण नाही."

मास्तर खूश झाले. राऊटर कपाटाच्या डोक्यावर आला तो आजही तिथेच आहे.

* * *

बोईसरला एका खोलीत सात कामगार राहायचे. राऊटर एक, जुना कॉम्प्युटर एक. सगळे मोबाइल जोडलेले दिसायचे, पण नेट कुणालाच नाही. मी एकेक मोबाइल बघत बसलो. दादाने वायर चिमटीत धरली आणि तिच्या मागोमाग गेला. एक टोक राऊटरमध्ये होतं. दुसरं टोकही त्याच राऊटरमध्ये! बिचारा स्वतःशीच बोलून दमला होता.

त्यांच्यातला सगळ्यात टापटिपीचा माणूस पुढे आला. "भैया, तार लटक रही थी. अच्छा नहीं लग रहा था. खाली जगह दिखी, तो लगा दी."

माझ्या ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात दादाने माझ्या पायावर पाय दिला. त्याने ते टोक काढलं, कापलं आणि त्याला नवी पिन बसवली. पिन म्हणजे वायरीच्या टोकाला असतो तो प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा. मग ती वायर कॉम्प्युटरला जोडली आणि म्हणाला, "पिन खराब थी."

खाली आल्यावर मी भांडलो, की चांगली पिन का कापलीस.

"तो यांच्यात राहतो रे," दादा म्हणाला. "आपण गेल्यावर बाकीचे सहा जण त्याला महिनाभर सोडणार नाहीत. पिन गेली तर गेली."

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो. ज्या घरात चूक घरच्यांची, त्या घरात हमखास पिन खराब निघायची.

* * *

शिरगावच्या काकीचं घर समुद्राला लागून. मासे वाळवून विकते. मुलगी गुजरातमध्ये दिलेली, तिच्याशी बोलायला नेट घेतलेलं. काकीची तक्रार होती, की सकाळी नेट असतं आणि दुपारी जातं. दोनदा सकाळी जाऊन पाहिलं, सगळं चांगलं. तिसऱ्यांदा मुद्दाम दुपारी गेलो.

खांबावरून तिच्या घरात येणारी आमची वायर, आणि त्या वायरीवर बोंबील वाळत घातलेले. जबड्यात जबडा अडकवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वायर झोळीसारखी खाली आलेली आणि तीन कावळे जेवायला बसलेले.

मी ओरडलो. काकी जागची हलली नाही.

"बांबू भरले सगले. तुजी वायर मोकलीच होती," ती म्हणाली. "मजबूत हाय म्हनून टाकले. नाय तर मातीत टाकू माजे बोंबील?"

दादा गालात हसत स्टुलावर चढला. वायर वर ओढून घेतली आणि तिच्या खाली काकीला तेवढीच लांब दोरी बांधून दिली. मग घरात गेला, पिशवीतून पिन काढली, बसवली आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "काकी, पिन खराब होती."

काकीने बोंबलांकडे पाहिलं. मग दादाकडे पाहिलं.

"हां रे," ती म्हणाली. "या पिनाच वाईट."

आणि आम्हाला जेवायला बसवलं. पुढे शिरगावात काम निघालं की जेवण तिच्याकडेच, हे ठरून गेलं.

* * *

दादाला ताप आला तेव्हा मीच त्याच्या कपाळावर हात ठेवला. म्हणालो, काही नाही, साधा आहे, उतरेल. पाचव्या दिवशी तो गेला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. किस्सा नाहीच हा.

* * *

त्याचा फोन आता मी वापरतो. लोक अजून त्यालाच फोन करतात. मनोरच्या एका ताईंनी लाल दिव्यापासून सगळी तक्रार सांगितली, मी मध्ये बोलूच शकलो नाही. मग सांगितलं, की दादा वारला, मी त्याचा भाऊ बोलतोय. मग ताई रडक्या आवाजात म्हणाल्या, "मग राहू दे रे नेट."

मलाच त्यांची समजूत घालावी लागली. म्हटलं, ताई, राऊटर तरी आहे ना.

* * *

पालघरला एक जावई सासरी राहायला आलेले. मोबाइलवर नेट येतंय, लॅपटॉपवर नाही. दोन दिवस ते सासऱ्यांच्या राऊटरला भंगार म्हणत होते. मी गेलो, लॅपटॉप पाहिला. त्यांचं बोट लागून वायफायचं बटण बंद झालेलं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "राऊटर ठणठणीत आहे. यांनीच बंद केलंय."

सासू हसली. मेव्हणी तर उठून आत गेली. जावई हसले नाहीत. पुढच्या वेळी त्या घराने दुसऱ्याला बोलावलं.

अशी तीन घरं तुटली. तिन्ही ठिकाणी माझंच बरोबर होतं. घरी मी तेच सांगत होतो, तर आई म्हणाली, "दादाने कधी सांगितलं होतं का लोकांना, माझं बरोबर म्हणून?"

मला राग आला. त्याच दिवशी मी तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम ठरवून आलो. सोमवारपासून यायला सांगितलं. म्हटलं बरं झालं, खोक्यांना वाईट वाटत नाही. उरलेल्या घरांना फोन करून कळवलं, की सोमवारपासून मी हे काम सोडतोय, दुसरा माणूस बघा. शिरगावच्या काकीने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

* * *

शनिवारी दुपारी काकीचा फोन. "नेट बंद हाय. कालपासून."

तिला म्हणालो, काकी, मी सोडलंय आता. ती म्हणाली, सोमवारपासून ना, आज शनवार हाय.

गेलो. बोंबील दादाने बांधलेल्या दोरीवर होते, वायर वर मोकळी. घरात पंखा फिरत होता. राऊटरचा एकही दिवा लागलेला नव्हता, आणि लागणार कसा? त्याचा प्लग भिंतीतून काढून नीट बाजूला ठेवलेला होता. माझ्या ओठांवर आलंच होतं.

पण सवयीने हात आधी पाठीवर गेला.

राऊटर गरम होता.

मी हात तसाच ठेवून बसलो. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या मागे ताट वाढलेलं दिसत होतं.

"कालपासून ना, काकी?" मी विचारलं.

"कालपासून," ती म्हणाली.

मी पिशवी उघडली. वायरीचं टोक कापलं, नवी पिन बसवली, प्लग लावला. दिवे एकेक करून लागले.

"पिन खराब होती," मी म्हणालो.

"मला वाटलंच," काकी म्हणाली. "हात धुवून घे. आनि सोमवारी येऊन परत बघ. या पिना टिकत नाय."

"येतो," मी म्हणालो.