मामाचा क्लच

आमटी बिघडली की आमच्या मामाला मनापासून आनंद व्हायचा. मामी चिडायची, मी पापड मोडत बसायची, आणि हा माणूस वाटी नाकाशी धरून डोळे मिटायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच आमटी, फक्त गूळ कमी. तिसऱ्या दिवशी गूळ पहिल्याइतका, पण चिंच निराळी. मामी म्हणायची, अहो, दोन्ही एकदम कमी करते, म्हणजे मिटलं. तर हा ठाम नाही म्हणायचा. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं झालं, तर कशामुळे झालं ते जन्मात कळणार नाही." कलकत्त्यात, बालीगंजच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही आठवडाभर आमटी खाल्ली आणि शेवटी दोष हिंगाचा निघाला.

मामा सरकारी खात्यात भूगर्भशास्त्रज्ञ होता. साताऱ्याकडचा माणूस, बदली होऊन कलकत्त्याला आला आणि निवृत्तीनंतरही हलला नाही. कारण पुरुलियाचे डोंगर. खाणीतल्या एका परदेशी इंजिनिअरने देश सोडताना त्याला आपली डर्ट बाइक देऊन टाकली होती. उंच, हडकुळी, जाड खाचाखाचांच्या टायरांची ती जुनी गाडी दर हिवाळ्यात टेम्पोत घालून पुरुलियाला जायची, आणि तिथल्या लाल वाटांवरून मामा दगड बघत हिंडायचा. परत यायचा तो कानापर्यंत लाल होऊन. मामी त्याला दारातच थांबवायची आणि कपडे बाहेर झटकायला लावायची.

मी नोकरीसाठी कलकत्त्याला आले तेव्हा आधी मामाकडेच राहिले, आणि सॉल्ट लेकला वेगळी राहायला लागल्यापासून रविवारचं जेवण त्याच्याकडे. एकदा मी नोकरी आणि घर दोन्ही एकदम बदललं आणि तरीही रडत त्याच्याकडे गेले. समजूत काढायची सोडून यानेच मला झापलं. आता तुझं दुखणं कुठलं हे मी कसं शोधू, म्हणाला. मला इतका राग आला होता की मी ताटावरून उठणार होते. पुरणपोळी होती म्हणून बसले.

त्या वर्षी दुर्गापूजेनंतर गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. क्लच दाबून पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज यायचा आणि गाडी पुढे सरकायची. क्लच दाबलेला असताना गाडीने जागेवर उभं राहायला हवं, एवढं मलाही कळतं. कॉलेजात भावाची बाइक चालवलीय मी. इंजिन चालू असताना न्यूट्रल तर सापडतच नव्हतं. एकदा ती पार्किंगच्या खांबावर जाऊन आपटली आणि टायरचा काळा ठसा तिथे कायमचा उमटला. मामा खूश. "क्लच पूर्ण सुटत नाहीये," म्हणाला, अगदी आमटीच्या वेळचाच चेहरा.

त्याच आठवड्यात मामीचा मला ऑफिसात फोन आला. ती हळू बोलत होती. यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, म्हणाली, डाव्या हातातून कप पडतो, परवा ताट पडलं. डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात. तू सांग, तुझं ऐकतील.

मी सांगितलं. मामा क्लचच्या केबलला तेल सोडत होता. वर न बघता म्हणाला, "आधी गाडी, मग मी. एका वेळी एकच."

मग सुरू झालं. आधी केबल नवी. लिव्हर फार जड झालाय, जुनी केबल आत घासत असणार, असं त्याचं म्हणणं. नव्या केबलनेही जडच. मग इंजिनचं तेल बदललं. जाड तेलाने क्लचमधल्या प्लेटा एकमेकींना चिकटतात म्हणे. गाडी सरकलीच. मग क्लच खोलला. त्या गोल लोखंडी प्लेटा मामीच्या जेवणाच्या टेबलाच्या काचेवर एकेक ठेवून त्याने खाली कागद सरकतो का ते पाहिलं. वाकडी असेल तर फट राहते. शेजारच्या परातीत, ज्या परातीत मामी कणीक मळते त्याच, दुसऱ्या प्लेटा तेलात भिजत होत्या. एरवी मामीने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी ती माझ्या बाजूला उभी राहून कागदाकडे बघत होती.

मी तुम्हाला खरं सांगते, मी देवाला इतकं कळवळून कधी काही मागितलेलं नाही. एक तरी प्लेट वाकडी निघू दे. कारण लिव्हर दाबताना मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं होतं. त्याला वाटत होतं पूर्ण दाबलाय. लिव्हर आणि हँडलच्या मुठीच्या मध्ये चांगली दोन बोटांची फट होती. मामीनेही ती पाहिली असणार.

प्लेटा सगळ्या सरळ निघाल्या. प्लेटा ज्या पिंजऱ्यात बसतात त्याच्या खाचाही गुळगुळीत. मामाने सगळं पुन्हा बसवलं. स्क्रू त्याच्या बोटांतून निसटायचे, तो शांतपणे उचलायचा. गाडी सुरू केली, गिअर टाकला, आणि गाडी खांबाकडे सरकली.

त्याने इंजिन बंद केलं. बराच वेळ टाकीवर हात ठेवून बसला. मग उतरला.

"केबल झाली, तेल झालं, प्लेटा झाल्या," तो म्हणाला. "एकच गोष्ट बदलायची राहिलीय. मंजू, तू बस."

मी म्हटलं, मामा, राहू दे, भूक लागलीय मला. त्याने किक मारली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी बसले. पाय जेमतेम टेकत होते. लिव्हरवर बोटं ठेवली आणि माझ्या मनात आलं, अर्धाच दाबावा. अर्धा दाबला तर गाडी सरकेल, दोष गाडीचाच ठरेल, मामा पुन्हा सगळं खोलेल, मामीची परात पुन्हा तेलात जाईल, हिवाळा निघून जाईल. मी अर्धा दाबला.

तो माझ्या बोटांकडे बघत होता.

"पूर्ण, मंजू."

मी पूर्ण दाबला. पायाने गिअर टाकला. टक् एवढाच आवाज आला. गाडी एक इंचही हलली नाही.

मामाने मान हलवली. "क्लच चांगला आहे," म्हणाला. मग डावा हात उजव्या हाताने उचलून नीट बघितला, त्या काचेवर प्लेट बघायचा तसा. "उद्या डॉक्टरकडे जाऊ." मामी जिन्यात उभी होती. ती तिथेच पायरीवर बसली आणि रडली.

स्नायू एकेक करून बंद पडत जाण्याचा तो रोग होता. आधी डावा हात, मग उजवा, मग पाय, मग बोलणं. एका वेळी एकच, असं मामानेच एकदा म्हटलं, आणि हसला. मला ते हसणं आजही सहन होत नाही. औषधं बदलून पाहिली, डॉक्टर बदलून पाहिले. शेवटी मामी त्याला चमच्याने आमटी भरवायची, आणि बिघडली असली तरी त्याला सांगता यायचं नाही.

मामा गेला. मामी साताऱ्याला भावाकडे गेली. गाडी माझ्याकडे आहे, सॉल्ट लेकच्या बिल्डिंगखाली. रविवारी मी ती सुरू करते, क्लच मुठीला टेकेपर्यंत दाबते आणि पहिला गिअर टाकते. ती जागची हलत नाही. मी तशीच बोटं आवळून बसून राहते आणि वाट बघते, एकदा, फक्त एकदा तरी ती पुढे सरकावी.