सगळे आत, हिल्का बाहेर

हिल्का ओयानिएमीने चौतीस वर्षं दूध संघाच्या प्रयोगशाळेत काढली. कुणी दुधात पाणी घातलंय हे शोधून काढणं, हेच तिचं काम. एकदा तिने सख्ख्या मामाचं दूध परत पाठवलं. त्यानंतर मामाने नाताळात तिच्या घरी पाऊल ठेवलं नाही. आई तिला म्हणाली होती, "एक दिवस डोळेझाक केली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?" हिल्का म्हणाली, "मग दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं कुठल्या तोंडाने अडवू?"

निवृत्तीनंतरही ती तशीच राहिली. बाजारातून मासा आणला की घरी पुन्हा वजन करायची. चर्चच्या गायनमंडळात आम्ही दोघी पंचवीस वर्षं शेजारी उभ्या राहिलो. तरी मी कधी "आज छान दिसतेस गं" म्हटलं, तर ती विचारायची, "काय काम आहे, माइला?"

तिचा धाकटा भाऊ कालेर्वो अगदी उलट. तो शाळेची बस चालवायचा, लग्नात अकॉर्डियन वाजवायचा, बर्फात कुणाची गाडी रुतली की सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा. लेहतोला गावात त्याचा शब्द कुणी मोडत नसे. २००६ च्या हिवाळ्यात पैसे गुंतवायचा एक क्लब आमच्या गावात आला तो त्याच्याच हाताने.

परदेशी चलनं विकत घेणारी आणि विकणारी कसलीशी संगणकाची यंत्रणा होती, ती कधी चुकत नाही म्हणे. महिन्याला शेकडा दहा. आत शिरायचं तर आधीच्या सभासदाने शिफारस करायला हवी. आणि बँकेतल्या माणसांपुढे अवाक्षर काढायचं नाही, कारण त्यांच्या पोटात दुखतं. उन्हाळ्यापर्यंत निम्मं गायनमंडळ आत होतं. मीही छपरासाठी ठेवलेले सहा हजार युरो घातले.

कालेर्वो बहिणीकडे गेला तेव्हा मी तिथेच कॉफी घेत बसले होते.

"सगळे आत आहेत, हिल्का. एक तूच बाहेर. लोक मला विचारतात, सख्खी बहीण का येत नाही?"

"मला एवढंच सांग, हा जो नफा होतो, तो कुणाच्या खिशातून येतो?"

"बाजारातून!"

"बाजार म्हणजे कोण? त्याला नाव असेल, पत्ता असेल."

"तू म्हणजे ना! माणसाच्या मनातही पाणी शोधतेस."

"तुझ्या हातात किती आले?"

त्याने कौतुकाने एक छापील कागद पुढे केला. त्यावरचा आकडा बघून माझे डोळे विस्फारले.

"हे कागदावर दिसताहेत," हिल्का म्हणाली. "मी हातातले विचारतेय. आणि ती नवी बोट कुठून आली?"

कालेर्वो लाल झाला. मग त्याच्याच तोंडून कळलं, प्रत्येक नव्या सभासदामागे त्याला बक्षिशी मिळत होती. माझ्यामागेही मिळाली असणार. तो उठला, कॉफी अर्धी टाकून गेला. हिल्काने दार लावलं आणि माझ्याकडे वळली.

"कुठेतरी पाणी मुरतंय. तू एक खडा टाकून बघ. पाचशे परत माग. तुझेच आहेत ना?"

मी मागितले, थोडंसं तिचं तोंड बंद करायला म्हणून. तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात जमा! मी ही बातमी तालमीला सांगितली तेव्हा हशा पिकला. आउने, जिचं किराणा दुकान आहे, ती म्हणाली, "आता हिल्का म्हणेल, नोटांत पाणी घातलंय." त्याच आठवड्यात मी आणखी चार हजार भरले.

हिल्का हसली नाही, चिडलीही नाही. ती माझ्या घरी आली आणि म्हणाली, "बँकेचा कागद दाखव."

कागदावर पैसे पाठवणाऱ्याचं नाव क्लबचं नव्हतं. राइली हुओतारी असं कुणा बाईचं होतं. हिल्काने ते नाव टिपून घेतलं. तसल्या आडनावाची माणसं फार नसतात. दोन दिवस ती टेलिफोनला चिकटून बसली आणि तिने ती बाई शोधून काढली, तीनशे किलोमीटर दूर, कुओपिओजवळ. मग माझ्यासमोर पुन्हा फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या कानाशी धरला.

"मी कुणाला पैसे पाठवले नाहीत हो," ती बाई सांगत होती. "मी क्लबची वर्गणी भरली. पाचशे. त्यांनी खात्याचा नंबर दिला, त्यात भरले. का? काही चुकलं का?"

तो नंबर माझ्या खात्याचा होता.

हिल्काने रिसीव्हर ठेवला. "ना चलन, ना बाजार," ती म्हणाली. "त्या बाईच्या पिशवीतून काढून तुझ्या पिशवीत टाकले."

खरं सांगते, मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. पण माझे साडेनऊ हजार आत होते. मी म्हणाले, "हिशेबाची काही सोय असेल त्यांची. तुला सगळीकडे चोरच दिसतात." ती कोट घालून निघाली. त्या संध्याकाळी मी कालेर्वोला फोन करून सांगितलं, की तुझी बहीण लोकांना फोन करतेय. हे मी का केलं, याचं उत्तर मला आजही धड देता येत नाही.

हिल्का शहरात पोलिसांकडे गेली. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, तुमचे किती बुडाले?"

"एक पैही नाही."

"मग तक्रार कसली?"

"लोकांचे बुडायचेत म्हणून आले. बुडाल्यावर येणारे पुष्कळ असतील."

त्याने तिचा तक्रारीचा कागद ठेवून घेतला, एवढंच. मग ती हेलसिंकीला, राजधानीतल्या वरिष्ठ पोलिसांना पत्रं लिहू लागली. प्रत्येक पत्राखाली स्वतःची सही, पत्ता. एकूण सात पत्रं. सातव्याला उत्तर आलं.

२००८ च्या मार्चमध्ये क्लबची खाती गोठवली गेली. क्लब चालवणारा माणूस परदेशात पकडला गेला. लेहतोल्यात त्या आठवड्यात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हतं, कारण प्रत्येकाने कुणाला तरी आत ओढलं होतं. मीही माझ्या नणंदेला.

पण राग निघाला तो हिल्कावर. आउनेने तिला भर दुकानात सुनावलं, "तुझ्या पत्रांनीच पैसे अडकले. गप्प बसली असतीस तर सगळ्यांना मिळाले असते."

"सगळ्यांना?" हिल्का म्हणाली. "मोजून सांग, कुठून?"

दुकानात मी होते, आणखी पाच-सहा जण होते. कुणीही हिल्काची बाजू घेतली नाही. पुढच्या रविवारपासून ती गायनमंडळात आली नाही. तिची जागा आम्ही सरकून भरून काढली.

खटल्यात कालेर्वोही आरोपी झाला. त्याने बक्षिशीचे पैसे पुन्हा क्लबातच घातले होते, वर घर गहाण ठेवलं होतं. सरकारी वकिलाने हिल्काला विचारलं, "तुमच्या भावाला ही फसवणूक आहे हे ठाऊक होतं का?" कोर्टात मागे निम्मं गाव बसलं होतं. भावाला वाचवायला किंवा बुडवायला तिला एक वाक्य पुरलं असतं.

"त्याने विचारलं नाही, हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्याला काय ठाऊक होतं, ते मी बघितलेलं नाही. जे बघितलं नाही ते सांगणार नाही."

त्याला सशर्त शिक्षा झाली, तुरुंग टळला. बक्षिशी मात्र फेडायची होती. शाळेची बस गेली. आता तो लाकडं वाहायचा ट्रक चालवतो. वर्षभर बहीणभाऊ बोलले नाहीत.

पुढच्या हेमंतात मी तिची माफी मागायला गेले. दार उघडून तिने पहिला प्रश्न केला, "कुणी पाठवलं?" कुणी नाही, म्हटलं. तिने मला बराच वेळ न्याहाळलं, मग आत घेतलं. आम्ही बसलो होतो तेवढ्यात अंगणात ट्रक थांबला. कालेर्वो वसुली अधिकाऱ्याचा लिफाफा घेऊन पायऱ्यांपाशी उभा होता.

"यात काय लिहिलंय बघ ना," तो म्हणाला. "सही करायची आहे. माझा आता माझ्यावरच भरवसा नाही."

हिल्काने चष्मा लावला. पायरीवर उभ्या उभ्याच तिने तो कागद तीनदा वाचला. आत ये म्हणाली नाही.

"ठीक आहे. पण सही करण्याआधी तू वाच. मोठ्याने."

एवढा मोठा माणूस, तो शाळेतल्या मुलासारखा एकेक ओळ वाचू लागला. तिसऱ्या ओळीवर अडखळला.

"पुन्हा," हिल्का म्हणाली, आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.